हुक लिहायला एजंट, तपासायला आपण

परवा कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला म्हटलं, कमिटआधी (म्हणजे कोडचा हिशेब ठेवणाऱ्या गिटमध्ये बदल नोंदवण्याआधी) आपोआप टेस्ट चालवणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्री-कमिट हुक, लिही. पठ्ठ्याने लिहिला, पण चालेचना. फाइलला एक्झिक्युटेबल परवानगीच नव्हती. असा हुक गिट सरळ वगळतं. तेव्हा ती आधीच द्यायला सांगा.

हुक एरवी डॉट-गिटमधल्या हुक्स फोल्डरात असतात, पण ते फोल्डर क्लोनबरोबर, म्हणजे प्रोजेक्टची प्रत घेताना, येत नाही. म्हणून हुक रेपोतच (प्रोजेक्टच्या फाइलींबरोबरच) वेगळ्या फोल्डरात ठेवायला लावा आणि हुक कुठे शोधायचे हे सांगणारी गिटची 'कोअर डॉट हुक्सपाथ' सेटिंग तिकडे वळवा. गिट 2.9 पासून ही सोय आहे, पण सेटिंग ज्याची त्याने आपल्या मशीनवर करायची.

मग मुद्दाम एक टेस्ट मोडून कमिट करा. हुकने शून्य सोडून दुसरा आकडा परतवला तरच कमिट अडतं. माझा एजंट अडला की गुपचूप 'नो-व्हेरिफाय' (हुक टाळून कमिट करायचा पर्याय) लावून सटकायचा! सूचनांच्या फाइलीत त्याला मनाई लिहिली. शिवाय त्याच टेस्ट सर्व्हरवरही लावल्या.