विहिरीवरच्या मोटरला केबल घेण्याआधी हा हिशोब करा

बोर्डापासून मोटर लांब असली की मध्येच व्होल्टेज गळतं, मोटर नुसती हूं हूं करते, उचलत नाही, आणि मग सगळे कॅपॅसिटर बदलत बसतात. केबल घेण्याआधीच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बघून घ्या.

1. बोर्ड ते मोटर अंतर मीटरमध्ये (सबमर्सिबल असेल तर बोअरची खोलीपण धरा, ही हमखास राहते).
2. मोटरच्या प्लेटवरचे अँपिअर.
3. अंतर × अँपिअर × 0.04 करायचं आणि त्याला केबलच्या स्क्वेअर एमएमने (आतल्या तारेच्या जाडीचं माप, 2.5, 4 वगैरे) भागायचं. आलं ते गळणारं व्होल्टेज.

हे सिंगल फेज, तांब्याच्या केबलचं. अॅल्युमिनियम असेल तर 0.04 ऐवजी 0.065 धरा, थ्री फेजला तांब्यासाठी 0.035. जायची-यायची वायर यात आलेलीच आहे, अंतर परत डबल करू नका.

समजा 100 मीटर, 7 अँपिअर, अडीचची केबल. 100 × 7 × 0.04 ÷ 2.5 = 11.2 व्होल्ट, म्हणजे 230 चे साधारण 219 उरले, जवळजवळ 5 टक्के गेले. चारची घेतली तर 7 व्होल्ट, 3 टक्के. मी तरी 3 च्या वर जाऊ देत नाही, कारण आपल्याकडे शेतात मुळात 230 येतंच कुठे.

एक लक्षात ठेवा, स्टार्टला मोटर कितीतरी पट करंट ओढते. पाचपट धरला तर त्याच अडीचच्या केबलमध्ये त्या क्षणाला 56 व्होल्ट जातात, त्यामुळे काठावरची साईज असेल तर एक नंबर मोठी घ्या.