क्रियापद एकटं पाठ करू नका

‘एक्सप्लेन म्हणजे समजावून सांगणे’ एवढंच वहीत लिहिलं की ‘एक्सप्लेन मी धिस सम’ हे चुकीचं वाक्य तोंडातून येणारच. वहीत ‘एक्सप्लेन समथिंग टू समबडी’ असा सबंध साचा लिहा. चांगल्या शब्दकोशात उदाहरणांच्या आधी तो दिलेला असतो; आपण तो ओलांडून थेट अर्थाकडे जातो.

नवं क्रियापद आलं की आधी बघा, त्याला कर्म लागतं का. ‘औषध घेतलंस?’ ‘हो, घेतलं.’ मराठीत एवढं पुरतं. इंग्रजीत ‘येस, आय टुक’ अर्धवट राहतं. ‘आय टुक इट’ म्हणावं लागतं. ‘एन्जॉय’चंही तसंच: ‘आय एन्जॉइड द ट्रिप’ किंवा ‘आय एन्जॉइड मायसेल्फ’. ‘पुट’ तर आणखी हट्टी. त्याला वस्तूही हवी आणि जागाही, म्हणून ‘पुट द बुक’वर थांबता येत नाही, ‘पुट द बुक ऑन द टेबल’ किंवा निदान ‘पुट इट देअर’.

मग कर्माआधी काही लागतं का ते पाहा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण आपले मराठी प्रत्यय मागच्या दाराने आत शिरतात. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरी विथ हर’, ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘पुण्याला पोहोचलो’ म्हणून ‘रीच्ड टू पुणे’. या तिन्ही ठिकाणी मधला शब्द काढून टाका. उलट ‘गाणी ऐकतो’मध्ये प्रत्यय दिसत नाही, म्हणून ‘लिसन साँग्ज’ होतं; तिथे ‘टू’ हवाच. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो. अर्थावरून अंदाज बांधू नका: ‘रीच’ला काही लागत नाही, पण त्याच अर्थाच्या ‘अराइव्ह’ला शहराआधी ‘इन’ आणि स्टेशनाआधी ‘ॲट’ लागतो.

दोन कर्मं असतील तर ‘गिव्ह मी द की’ आणि ‘गिव्ह द की टू मी’ दोन्ही चालतात. ‘बाय’ला मात्र ‘टू’ऐवजी ‘फॉर’: ‘बाय अ पेन फॉर मी’. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’ यांच्यामागे माणूस थेट चिकटत नाही. ‘सजेस्ट मी अ कॉलेज’ सर्रास ऐकू येतं, तरी लेखी अर्जात टाळाच.

क्रियाविशेषण क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये घुसवू नका. ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ चूक, ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’ बरोबर. कर्म फारच लांब असेल तर मात्र ते शेवटी जातं: ‘शी एक्सप्लेन्ड क्लिअरली व्हाय द ट्रेन वॉज लेट’. स्थळ आणि काळ दोन्ही असतील तर सहसा स्थळ आधी. आपण ‘काल स्टेशनवर भेटला’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय मेट हिम ॲट द स्टेशन यस्टरडे’.

उरली ‘टर्न ऑफ’, ‘लुक आफ्टर’ अशी जोडक्रियापदं. यांची परीक्षा सर्वनामाने घ्या. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही ठीक, पण सर्वनाम आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ फुटत नाही, म्हणून ‘लुक आफ्टर हिम’च. वहीत पहिल्या जातीचं क्रियापद लिहिताना ‘समथिंग’ मध्ये लिहा, दुसऱ्या जातीचं लिहिताना शेवटी.