एलियस वापरताय? मग या चुका टाळा

गेममध्ये एकच लाकडाचं टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) दाराला, पेटीला आणि पुलाला लागणार असेल तर फाइलच्या तीन कॉप्या कशाला? टेबलमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या फाइलचं या यादीत, तीन नावं एकाच फाइलकडे वळवायची, खेळाडूचं डाउनलोड वाचतं. अशी पर्यायी नावं म्हणजेच एलियस. एवढीशी गोष्ट, पण त्यातही लोक पाय अडकवून घेतात.

सगळ्यात रडवणारी चूक म्हणजे कॅपिटल-स्मॉलची. विंडोजला सहसा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. आमच्या एका अपडेटमध्ये टेबलात ‘वूड’चा डब्ल्यू कॅपिटल होता, सर्व्हरवरच्या फाइलचा स्मॉल. माझ्या मशीनवर सगळं झकास. सर्व्हरवर चढवलं आणि गेममधली झाडून सगळी दारं भडक गुलाबी! मी दोन तास शेडर (पृष्ठभागाचा रंग-प्रकाश ठरवणारा कोड) उसवत बसलो. शेवटी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, तर समोरच ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. गंमत म्हणजे फाइलचं नाव मी आधीच बदललं होतं, पण विंडोजवर नुसतं अक्षर लहानाचं मोठं केलं तर गिटला (फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या टूलला) त्याचा पत्ताच लागत नाही. तेव्हापासून माझ्याकडे सगळी नावं स्मॉल, स्पेसच्या जागी अंडरस्कोअर. कुरूप दिसतं, दिसू दे.

दुसरी चूक गुपचूप मेमरी खाते. लोडर (फाइली आणणारा कोड) एलियसच्या नावानेच कॅशमध्ये, म्हणजे आधी आणलेल्या फाइलींच्या साठ्यात, शोधतो, मूळ फाइलच्या नावाने नाही. मग तेच टेक्स्चर तीनदा लोड होतं. २०४८ बाय २०४८ चं टेक्स्चर, पिक्सेलला चार बाइट धरले तर कॉम्प्रेशनशिवाय १६ एमबी. तिप्पट म्हणजे ४८. डाउनलोड वाचवलं आणि फोन गुदमरवला. आधी एलियस सोडवा, म्हणजे त्यामागच्या मूळ फाइलचं नाव काढा, मग कॅश बघा. हा क्रम उलटा करणारे बहुतेक जण ‘आधी चालू तर होऊ दे’ पंथातले असतात.

एलियसला एलियस जोडू नका. अ वरून ब, ब वरून पुन्हा अ, आणि लोडिंगचं चाक फिरतंय फिरतंय. मी एकच पायरी ठेवतो.

टेबलाऐवजी सर्व्हरवर रीडायरेक्ट (‘ही फाइल त्या पत्त्यावर माग’ असं उत्तर) टाकणं हा आळशी शॉर्टकट. प्रत्येक नावासाठी सर्व्हरकडे एक जादा फेरी पडते.

आणि पेटी जरा गडद हवी म्हणून मूळ फाइलच रंगवू नका, पूलही काळवंडेल. पेटीला वेगळी फाइल द्या आणि टेबलातली तेवढी एक ओळ बदला.