मॉडेलवर कॅमोफ्लाज रंगवताय? या चुका टाळा

प्लास्टिकच्या विमानाचं किट नीट जोडलं, सांधे बुजवून घासले, प्रायमरही (रंगाखालचा अस्तराचा थर) छान बसला. मग कॅमोफ्लाज, म्हणजे लपण्यासाठीचे रंगपट्टे, चढवला आणि विमान खेळण्यातलं दिसायला लागलं. ही तक्रार नवख्यांपेक्षा पाच-सहा मॉडेलं केलेल्यांकडून जास्त ऐकू येते. अशा वेळी दोष सहसा हाताचा नसतो. स्केलचा विचार न करताच रंगाची बाटली उघडलेली असते.

म्हणून आधी थोडा हिशेब. १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल आपण ३० सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे खरं विमान साडेएकवीस मीटरवरून बघतो. १/४८ ला तेच अंतर साडेचौदा मीटरच्या आसपास आणि १/३५ च्या रणगाड्याला साडेदहा मीटर. तेवढ्या अंतरावरून जे दिसेल तेच रंगवायचं. पुढच्या बऱ्याच चुका या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्याने होतात. बाकीच्या थिनरच्या आणि हवेच्या.

प्रत्येक कड धूसर करणं

एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन) हातात आला की दोन रंगांची सीमा मऊ करायचा मोह आवरत नाही. आता दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश हरिकेन किंवा स्पिटफायर विमानं घ्या. त्यांचा पॅटर्न ठरलेला होता आणि दोन रंगांमधली सीमा बरीच स्पष्ट असायची. फवाऱ्यामुळे इंचभर धूसरपणा आला असं धरलं तरी २५ मिलिमीटर भागिले ७२, म्हणजे जेमतेम ०.३५ मिलिमीटर. एवढी कड डोळ्याला सरळच दिसते. आपण मात्र हौसेने तीन मिलिमीटरची धूसर पट्टी ठेवतो. खऱ्या विमानावर ती जवळजवळ वीतभर झाली असती! १/७२ च्या ब्रिटिश विमानाला साधी टेप लावून मारलेली कड जास्त खरी वाटते, ती यामुळेच.

जर्मन रणगाड्यांचं गणित उलटं आहे. फेब्रुवारी १९४३ च्या आदेशानंतर कारखान्यातून गाडी गडद पिवळ्या रंगात निघायची. ऑलिव्ह हिरवा आणि तांबूस तपकिरी हे दोन रंग घट्ट पेस्टच्या रूपात तुकडीला मिळायचे. ते पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करायचे आणि आपापल्या अकलेने मारायचे. त्यामुळे एक गाडी दुसरीसारखी नसायची, आणि फवारलेल्या पट्ट्याची कड सहज दहा सेंटिमीटर धूसर असायची. १/३५ ला ती होते तीन मिलिमीटर. इथे टेप लावलीत तर गाडी स्टिकर चिकटवल्यासारखी दिसेल. एअरब्रश दीड-दोन सेंटिमीटरवर आणून मोकळ्या हातानेच मारा. फवारणीची सोय नसलेल्या तुकड्यांनी कधी ब्रशनेही रंग फासलाय, आणि तिथे कड पुन्हा तीक्ष्ण. म्हणजे ज्या गाडीचं मॉडेल करताय तिचा फोटो शोधण्याला पर्याय नाही.

जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या अंगावरचे करडे ठिपके हा आणखी एक सापळा. सगळे एका मापाचे आणि एका अंतरावर आले की विमानाला गोवर उठल्यासारखं दिसतं. ठिपके आधी फिकट मारायचे, मग त्यातले मोजकेच गडद करायचे. गोवर उठलाच असेल तर खोडत बसू नका. खालचा फिकट निळसर रंग खूप पातळ करून त्यावरून हलकेच फिरवला की ठिपके मागे सरकतात.

ब्लू-टॅकच्या (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीच्या) वळ्या लावून मारणाऱ्यांची नेहमीची अडचण म्हणजे पट्ट्याची एक कड तीक्ष्ण येते आणि दुसरी पसरते. याचं कारण एअरब्रशचा कोन. वळीच्या सीमेवर फवारा सरळ, काटकोनातच पडला पाहिजे. तिरका पडला की एका बाजूला रंग वळीखाली शिरतो आणि दुसऱ्या बाजूला पोचतच नाही. वळी जितकी जाड, तितकी कड मऊ. लहान स्केलला ती बारीक लाटा आणि थोडी दाबून बसवा.

पॅटर्न अंदाजाने ओढणं

डाव्या बाजूचं चित्र बघून डावी बाजू रंगवायची, उजवीचं बघून उजवी, आणि पाठीवर दोन्ही भेटतच नाहीत. सुरुवात नेहमी वरून दिसणाऱ्या चित्रापासून करावी. सूचनापत्रकातलं चित्र मॉडेलच्या मापाला मोठं करून झेरॉक्स काढा, आकार कापा आणि तेच मास्क, म्हणजे रंग अडवणारं झाकण, म्हणून वापरा. ब्रिटिश विमानांवर युद्धाच्या सुरुवातीला ए आणि बी असे एकमेकांचे आरशातले पॅटर्न होते. त्यामुळे फोटोतलं विमान पत्रकाच्या उलटं दिसलं तर लगेच पत्रकाला शिव्या घालू नका.

संदर्भासाठी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जरूर जा. जोडकामाच्या रेघा, साखळीची चाकं, ओतीव पोलादाचा खडबडीतपणा हे सगळं फोटोत कधीच इतकं नीट कळत नाही. रंगाची छटा मात्र तिथून उचलू नका. संग्रहालयातल्या गाड्या बहुतेकदा नंतर पुन्हा पुन्हा रंगवलेल्या असतात. युद्धातला रंग त्यांच्यावर असेलच असं नाही.

बाटलीवरच्या नावावर भरवसा

‘डार्क ग्रीन’ असं लिहिलेली बाटली थेट ओतली की लहान मॉडेल काळपट दिसतं. दुरून बघताना मधली हवा रंग फिकट करते, म्हणून मॉडेलचा रंग थोडा उजळ हवा. आणि इथे सगळे पांढरा मिसळतात! पांढऱ्याने हिरवा पुदिन्याकडे झुकतो आणि तपकिरी गुलाबीकडे. हिरव्यात पिवळसर क्रीम मिसळा, तपकिरीत वाळूचा रंग. दहा भागांना एक भाग मिसळून बघा आणि आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारा.

छटेवरून हाणामारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. लढाई इंग्लिश खाडीवर आणि अधिक उंचीवर सरकली, तेव्हा ऑगस्ट १९४१ पासून ब्रिटिश लढाऊ विमानांवरच्या मातकट तपकिरीच्या जागी ओशन ग्रे आला. नवा रंग सगळीकडे पोचेपर्यंत सात भाग मीडियम सी ग्रे आणि एक भाग काळा असं मिश्रण करून काम भागवायचं ठरलं. तळातळावर बादलीत घोटलेल्या त्या करड्याची ‘अचूक’ छटा आज कुठल्या बाटलीत सापडणार?

काळ आणि आघाडी चुकणं हा मात्र खरा दोष. समजा, तुम्हाला १९४४ च्या इंफाळच्या लढाईतलं आपल्या हवाई दलाच्या १ नंबर स्क्वॉड्रनचं हरिकेन करायचंय. तेव्हा स्क्वॉड्रनचे प्रमुख अर्जन सिंग होते. किट असतं युरोपातल्या विमानाचं, त्यामुळे डिकलमधल्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांमधल्या) गोलात लाल ठिपका येतो. बर्माच्या आघाडीवर जपानी विमानांच्या लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून तो लाल काढून टाकला होता. हिरवा-तपकिरी पॅटर्न कितीही सुरेख जमला तरी लाल ठिपक्याचं हरिकेन इंफाळचं होत नाही.

थिनरची सरमिसळ

तामियाचे अ‍ॅक्रिलिक रंग अल्कोहोलमध्ये किंवा लॅकर थिनरमध्ये छान पातळ होतात. त्याच भरवशावर व्हॅलेहोच्या रंगात अल्कोहोल घातलं की त्याचं दही होतं आणि एअरब्रश खोलून साफ करावा लागतो. दोन्हीही ‘अ‍ॅक्रिलिक’ असले तरी घडण वेगळी. इनॅमलवर (तेलकट, संथ वाळणाऱ्या रंगावर) लॅकर (तीव्र थिनरचा, चटकन वाळणारा रंग) मारलं तर खालचा थर सुरकुततो. ज्या कंपनीचा रंग, तिचाच थिनर, हे निदान पहिली काही मॉडेलं तरी पाळावं.

कॅमोफ्लाजच्या बारीक कामासाठी रंग नेहमीपेक्षा पातळ लागतो आणि हवेचा दाबही कमी, साधारण १२ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). रंगाला कोळ्यासारखे पाय फुटले तर रंग फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे. पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा खरखरीत आला तर रंग वाटेतच वाळतोय. त्यावर उपाय म्हणजे अंतर कमी करायचं, थिनर वाढवायचं, आणि झालेली खरखर २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून काढायची. दर काही मिनिटांनी सुईचं टोक थिनरच्या कापसाने पुसलं नाही, तर तिथे वाळलेला रंग नेमका पांढऱ्या पोटावर थुंकला जातो. हे सगळं खिडकी उघडी ठेवून, आणि लॅकर असेल तर वाफ अडवणारा फिल्टरवाला मास्क लावूनच. कापडी मास्क इथे काही कामाचा नाही.

पावसाळ्यात हट्ट करणं

मुंबई-कोकणातल्या जुलैत लॅकर मारलं की त्यावर दुधट साय येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगात अडकतं. मॅट वॉर्निशचं तर फारच वाईट होतं, गडद हिरव्यावर बुरशी आल्यासारखं. लगेच लक्षात आलं तर संथ वाळणारा, रिटार्डरवाला थिनर नुसताच हलका फवारला की बरेचदा साय जाते. वॉर्निशचं धुकं असेल तर त्यावर ग्लॉसचा एक हात द्या आणि कोरड्या दिवशी पुन्हा मॅट करा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा आणि नळीला मॉइश्चर ट्रॅप लावा. नाहीतर शेवटच्या पट्ट्यावर पाण्याचा थेंब पडतोच. माझं विचाराल तर पावसाळा जोडणीसाठी आणि वैमानिक ब्रशने रंगवण्यासाठी ठेवावा.

टेप उपटणं

टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघाला तर चूक सहसा टेपची नसते. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर तसाच राहिलेला असतो. जोडणीआधी सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुवा आणि प्रायमर गाळू नका. टेप आधी मनगटावर एक-दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करा. काढताना वर ओढू नका, तिच्याच अंगावर दुमडून सावकाश मागे न्या. टेपखाली रंग झिरपतो, त्यावर हमखास चालणारा तोडगा असा: टेप लावल्यावर कडेवर आधी खालचाच रंग मारा. झिरपायचं ते तोच झिरपेल आणि फट बुजेल.

मॅटवर थेट डिकल

कॅमोफ्लाजचे रंग मॅट, म्हणजे सूक्ष्म खडबडीत. त्यावर डिकल बसवलं की खाली हवा अडकते आणि तिरप्या उजेडात चंदेरी चकाकतं. आधी ग्लॉस, मग डिकल, पॅनेलच्या रेघांमधला वॉश (पातळ गडद रंग), आणि शेवटी मॅट. चंदेरी झालंच तर सुईने बारीक टोचे मारून डिकल नीट बसवणाऱ्या सेटिंग सोल्यूशनचा थेंब सोडा.

खऱ्या सामानावर मॉडेलचा हात चालवणं

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं सामान रंगवण्याचा प्रश्न उरला नाही. पण पक्ष्यांचे फोटो काढणारे ट्रायपॉड, लेन्सहूड, लपण्याचं कापड रंगवतात, आणि मॉडेल करणारा तिथे बरोबर उलटी चूक करतो. तो हौसेने नाजूक ठिपके काढतो. पंधरा-वीस पावलांवर ते एकमेकांत मिसळतात आणि उरतो एकसारखा मळकट गोळा. ट्रायपॉडचा पाय सरळ काठीसारखा दिसू नये, हा खरा हेतू. म्हणून पट्टे मोठे, गडद-फिकट फरक ठळक, आणि आडवे-तिरके घ्यायचे, म्हणजे पायाची सलग रेघ तुटते.

रंगछटेची फार चिंता करण्याचं कारण नाही. हरणांना नारिंगी आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना झगझगीत नारिंगी जाकीट सक्तीचं आहे आणि तरी हरणं बिचकत नाहीत, ते यामुळेच. पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अनेकांना अतिनील प्रकाशही. पण त्यांनाही आधी खटकते ती चकाकी आणि हालचाल. त्यामुळे रंग मॅटच हवा.

लेन्सवर स्प्रे मारू नका, कापडी टेप किंवा निओप्रीनचं कव्हर चढवा. ट्रायपॉडचे सरकणारे भाग आणि पिळायच्या चकत्या टेपने झाकूनच रंगवा, नाहीतर पहिल्याच वापरात रंग निघून आत अडकतो. आणि रंगवलेलं सामान आठवडाभर गच्चीत वाळवा. थिनरचा वास येत असेल तर सांबराला तुमचा पत्ता वाऱ्यावरच कळेल.