छताला ओल आलीय? आधी पेन्सिल घ्या

बाथरूमच्या छताला ओलीचा डाग दिसला की वरचे म्हणतात आमचं काही नाही, गच्चीचं असेल, आणि प्लंबर आला की थेट टाइल्स फोडायच्या गोष्टी करतो. त्याआधी एवढं करा.

१. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख टाका, फोटो काढा.
२. वरच्यांना सांगून त्यांच्या बाथरूमचं पाणी गच्चीवरच्या व्हॉल्व्हने २-३ दिवस बंद ठेवायचं, पण बाथरूम वापरायचंच, बादलीने. ओल सुकायला लागली तर प्रेशरची (नळांना पाणी आणणारी) पाइपलाइन लीक आहे, डाग रेघेबाहेर जातच राहिला तर फरशी, नाहणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा, पाणी जायचा भाग) नाहीतर ड्रेनेज.
३. मग लाइन चालू करून बाथरूम एक-दोन दिवस कोरडं ठेवा, नंतर नाहणीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबून इंचभर पाणी रात्रभर साठवा. सकाळी खाली ठिबकत असेल तर वॉटरप्रूफिंग गेलंय, नसेल तर फडकं काढून पाणी एकदम सोडा, तेव्हा ठिबकलं तर ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप.

आमच्याकडे नुसता ट्रॅपचा जॉइंट निघाला, फरशी वाचली! पावसाळ्यात मात्र हे करू नका, गच्चीचं पाणी मिसळून सगळा घोळ होतो.

आणि डाग लाइटच्या पॉइंटजवळ असेल तर सगळ्यात आधी एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच) बंद करा, रेघा नंतर.