हेअरकटिंग शिकताय? या चुका टाळा, आणि चूक शोधायची कुठे तेही बघा

हेअरच्या नव्या बॅचमध्ये महिन्याभरात एक तक्रार ठरलेली: "मॅडम, उजवी बाजू मोठीच राहतेय." मग उजवी थोडी कापायची, आता डावी मोठी दिसते म्हणून ती कापायची, असं करत खांद्यावरचा बॉब कानाशी येतो. डमी, म्हणजे सरावाचं पुतळ्याचं डोकं, बिचारी बोलत नाही. क्लायंट बोलते, आणि पैसेही देत नाही.

अशा वेळी मुली कात्रीला धार आहे का ते बघतात. मी त्यांचे पाय बघते. बहुतेक जणी खुर्चीच्या मागे एकाच जागी उभ्या राहून दोन्ही बाजूंचे केस स्वतःकडे ओढून कापतात. केस जिथे पडतात तिथून ओढून दुसरीकडे नेऊन कापले, की परत सोडल्यावर ज्या बाजूने ओढले तिथली लांबी जास्त राहते. जो सेक्शन (कापायला वेगळी धरलेली केसांची पट्टी) कापायचा त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, एवढंच. फरशीवर फिरायचा कंटाळा करू नका. दुसरं, क्लायंटकडेही बघा. तिने पायावर पाय टाकला की कंबर कलते, एक खांदा खाली जातो आणि तुमची सरळ रेघ तिरकी होते. "ताई, पाय सरळ ठेवता का?" हे विचारायला मुली लाजतात. मोबाईल बघायला मान खाली घातली तरी तेच. बोलायला शिका.

बाजू असमान आली तर लगेच कापू नका. आधी दोन्ही बाजूंचे केस तेवढेच ओले करा, मान सरळ करा, दोन्हीकडची एकेक बट हनुवटीशी आणून आरशात तुलना करा. नुसत्या डोळ्यांनी खाली बघून केलेला अंदाज चुकतो. खरंच फरक असेल तर मोठी बाजू छोट्या बाजूशी जुळवा, पण गाईडलाईन (जिच्या मापाने बाकीचे केस कापतात ती आधी कापलेली बट) शोधून, टोकं छाटून नाही.

कानावरची खाच हा याच जातीतला प्रकार. कान बाहेर आलेला असतो, त्यावरून केस घट्ट ताणून कापले की सोडल्यावर नेमके तिथलेच आखूड होतात. कानावर केसांना ताण नको, कंगव्याने नुसते धरा. फ्रिंजचंही (कपाळावर येणाऱ्या आखूड केसांचंही) तसंच. ओले केस ताणले की लांबतात, सुकले की वर चढतात. कुरळे असतील तर कितीतरी जास्त. म्हणून फ्रिंज हव्या त्या लांबीपेक्षा खाली सोडायची आणि सुकवल्यावर पुन्हा बघायची. कपाळावर भोवरा आहे का, हे केस ओले करण्याआधी बघून ठेवा. ओल्या केसांत तो लपतो.

लेयर्समध्ये पायऱ्या दिसतात त्याचं कारण बहुधा दोनपैकी एक. सेक्शन जाड घेतला, म्हणून आतली गाईडलाईन दिसलीच नाही. किंवा हात दमला आणि एलिव्हेशन, म्हणजे केस डोक्यापासून उचलून धरायचा कोन, उतरलं: सुरुवात ९० अंशांनी, शेवट ६० ला. सेक्शन असा पातळ घ्या की आधीचं कापलेलं टोक आरपार दिसेल, आणि बोटांच्या दुसऱ्या पेरापलीकडे कापू नका, कारण त्यापुढे केसांवर पकड राहत नाही. आडवे सेक्शन घेऊन कापलंत तर तपासताना उभे घ्या. चुकलेला केस तेव्हाच वर येतो. व्हिडल ससून या ब्रिटिश हेअरड्रेसरने १९६० च्या दशकात लंडनमध्ये भूमितीसारखे नेमके कट लोकप्रिय केले तेही असल्याच शिस्तीवर. थिनिंग कात्रीने (केस विरळ करणाऱ्या दात्यांच्या कात्रीने) पायऱ्या 'मिसळवून टाकणं' ही आपल्याकडची आवडती पळवाट आहे. दोन आठवड्यांत आखूड केस उभे राहतात आणि क्लायंट परत येते, रागावून.

आता कलर. इथे चुकीची दुरुस्ती महाग पडते.

मुळं तांबूस-उजळ आणि खालचे केस काळेच राहिले, तर ट्यूबला दोष देऊ नका. ट्यूबमधला रंग आधीच्या कृत्रिम रंगाला उजळवत नाही. घरी काळा डाय लावणाऱ्या काकूंना ब्राऊन हवा असेल, तर तो नव्या वाढीवरच उठणार. शिवाय टाळूच्या उबेने मुळांशी रंग लवकर पकडतो. म्हणून पूर्ण केस उजळायचे असतील तर आधी मधल्या लांबीला लावायचं, मुळांना शेवटी.

डेव्हलपरचे (रंगात मिसळायच्या पेरॉक्साईडचे) आकडे पाठ हवेत: १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साईड. नुसते पांढरे झाकायला साधारणपणे २० पुरतो. "लवकर होईल" म्हणून मुळांना ४० लावणारी विद्यार्थिनी मी वर्गाबाहेर काढते.

आपले काळे केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. नारिंगीवर थांबून जांभळा टोनर (उजळल्यावर उरलेली नको ती छटा मारणारा रंग) लावला तर काही होणार नाही. जांभळा पिवळ्याला मारतो, नारिंगीला निळा लागतो.

आणि मेहंदी विचारा. "केसांना काही लावता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, कारण मेहंदी 'काही'त धरतच नाहीत. "मेहंदी शेवटची कधी लावली? कुठली?" असं विचारा. पाकिटातल्या काही मेहंदीत धातूंचे क्षार असतात, त्यांची पेरॉक्साईडशी गाठ पडली की केस तापतात, तुटतात. एक बट कापून तिच्यावर आधी बघा. काळ्या मेहंदीत बहुधा पीपीडी हे ॲलर्जी करू शकणारं रसायन असतं, तेच डायमध्येही. म्हणून पॅच टेस्ट (थोडा रंग त्वचेवर लावून बघणं) ४८ तास आधी, कानामागे. लग्नाच्या आदल्या दिवशी आलेल्या करवलीलाही सूट नाही.

ब्लीच केलेल्या केसांवर रीबॉन्डिंग (औषधाने केस सरळ करणं) विद्यार्थ्याने करूच नये. ओली बट हलकेच ताणून बघा. रबरासारखी लांबून परत आली नाही तर औषधाला हात लावू नका.

केस अडकलेला कंगवा यूव्ही बॉक्समध्ये ठेवून 'स्टरलाईज झाला' म्हणू नका. प्रकाश पडतो तेवढ्यापुरतंच ते काम. आधी साबणाने धुवा, मग जंतुनाशकात बुडवा, बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत. ग्लोव्हज शॅम्पूलाही घाला. बोटांना भेगा पडल्या की धंदा बसतो.

फी भरण्याआधीची चूक वेगळीच. मुली सर्टिफिकेटवरचा परदेशी शिक्का बघतात. त्याऐवजी विचारा: डमीनंतर खऱ्या क्लायंटवर किती हेअरकट करायला मिळतील, एका डमीवर किती जणी, कलरचं सामान फीमध्ये की वेगळं? आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, फी खूपच कमी, पण त्यात स्किन आणि मेकअपही येतं, म्हणजे केसांना वेळ वाटून मिळतो. आणि एखाद्या चालू बॅचला तासभर मागे बसून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर पर्स बंदच ठेवा.