वहीत सापडलेलं दूध

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा दीर्घकाळचा आजार) निदान झाल्यावर भीतीपोटी मी एकेक पदार्थ सोडत गेले. वजन उतरलं, पोटाचा त्रास मात्र तसाच. मग वही सुरू केली: काय खाल्लं, किती वाजता, शौचाला किती वेळा, रक्त पडलं का, झोप कशी झाली. झोपेचा रकाना विसरू नका, खरंच.

तीन आठवड्यांनी पानं उलटताना दिसलं, दूध प्यायल्यावर दोन-तीन तासांत पोट फुगून कळा येत होत्या. कांद्यावर उगाच संशय घेतला होता. दूध दोन आठवडे बंद केलं, पुन्हा अर्धा कप घेतलं, कळा परतल्या. दही मात्र सोसतं. कोलायटिसच्या गोळ्या एकही दिवस चुकवल्या नाहीत, कारण दुधाने होणारा त्रास वेगळा आणि आतड्याची सूज वेगळी. त्या सुजेचा अंदाज शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की शौचात वाढणारं प्रथिन) तपासणीतून येतो. रक्त दिसलं की मी वहीत शोधत बसत नाही, थेट डॉक्टरांना फोन करते.